पालथे पेले

आमच्या नांदेडच्या घरी पाहुणा आला की पाणी पिण्याआधी पेल्यावरचं नाव वाचायचा. वाचून चेहरा खुलला तर पुढे चहा, नाहीतर महिनाभराचा अबोला. ही सगळी व्यवस्था माझ्या सासूबाईंची. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणायची.

आहेरात आलेले स्टीलचे पेले घरोघरी असतात, आणि त्यांवर देणाऱ्याचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं. बाकीच्या बायका त्यातून पाणी पितात आणि नाव विसरून जातात. आत्याबाई विसरत नसत. भिंतीवरच्या मांडणीत, ज्यांच्याशी गोडी त्यांचे पेले पुढच्या ओळीत, नाव दर्शनी. ज्यांच्याशी नुसतंच बोलणं, त्यांचे मागे. ज्यांच्याशी तुटलं, त्यांचे सगळ्यात वरच्या फळीवर, पालथे. आणि पाहुण्याला पाणी द्यायचं ते त्याच्याच नावाच्या पेल्यात. "ज्याचं त्याला दिलं की कुणाला बोलायला जागा न्हाई ऱ्हात," असं त्यांचं म्हणणं. जागा भरपूर राहायची. स्वयंपाकघरात डोकावून आपला पेला कुठं आहे ते बघितल्याशिवाय नात्यातली एक बाई टेकत नसे.

मी लातूरची, बी.एस्सी. झालेली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सगळे पेले उंचीप्रमाणे लावून मोकळी झाले. काय सुरेख दिसत होतं. त्याच दुपारी नणंदेच्या सासूबाई भोकरहून आल्या आणि हाताला लागला त्या पेल्यात मी त्यांना पाणी दिलं. तो नेमका त्यांच्या जावेच्या नावाचा, आणि जावेचं तोंड बघायची त्यांची तयारी नव्हती. ऐन मे महिन्यात बाई "तहान न्हाई" म्हणाल्या आणि तशाच कोरड्या परत गेल्या. आत्याबाईंनी मांडणी पुन्हा लावली. शेवटी एवढंच म्हणाल्या, "एवढी शिकलीस, पण माणसं उंचीवर लावत्यात व्हय?"

पुढं माझ्या भावानं आम्हा दोघांचा एकेक फोटो छापलेले दोन मग पाठवले. मी कौतुकानं हुकाला अडकवले. दुसऱ्या दिवशी एक न्हाणीघरात, बादलीच्या काठाला लटकलेला. मी विचारलं तर म्हणाल्या, "दांडी असल्यावर अंगावर पाणी घ्यायचंच झालं की ते. दांडी धरून कोण पितंय?" नवऱ्याचा फोटो कित्येक दिवस असा रोज आंघोळीला जात होता.

वरच्या फळीवर मात्र सहा पेले असे होते की मला त्यांचा उलगडा होईना. पालथे होते, आणि नाव स्वतः आत्याबाईंचं. ते कोडं नणंदेनं सोडवलं. देवणीला आत्याबाईंचा धाकटा भाऊ, रंगनाथमामा. त्यांच्या मुलीच्या लग्नात आत्याबाईंनी हे पेले आपलं नाव घालून दिले होते. पुढं माझ्या लग्नात मामांनी रंगीत कागदात बांधलेला खोका आणला. चार बायकांत तो उघडला तर आत तेच सहा पेले, "सौ. कमल, नांदेड, यांजकडून सप्रेम भेट." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून भाऊ तुटला.

मामा नंतर दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा आत्याबाई आतल्या खोलीत बसून "घरी न्हाईत" होत्या. मग मामांनी येणं सोडलं. "येईल की एक दिवस," आत्याबाई म्हणायच्या. "त्याच गिलासात पाणी देते त्याला. वाचू दे नाव. मान खाली घालू दे." पण दर दिवाळीला सगळ्यात आधी घासले जायचे ते हेच सहा पेले, चिंच लावून, आरशासारखे. भाऊबीजेला घराचं दार दिवसभर उघडं असायचं. वारं येतं, म्हणायच्या. त्यांना भाऊ हवा होता हो, पण आधी त्याची खाली गेलेली मान हवी होती, आणि ते काही एकत्र मिळेना.

गेल्या वर्षी मामांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशन नांदेडला ठरलं आणि त्यांच्या मुलानं त्यांना सरळ आमच्याच घरी आणलं. मामा भिंत चाचपत आत आले, खुर्चीवर बसले. "अक्का हाय का घरी?" त्यांनी विचारलं. आत्याबाई दारातच उभ्या होत्या. भावाशी बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "सूनबाई, वरचा गिलास काढ."

मी पाणी दिलं. मामांचा अंगठा ठिपक्यांवरून फिरला. "काय लिवलंय गं पोरी? मला दिसून न्हाई राहिलं."

"सौ. कमल," मी वाचलं. पुढचं वाचलं नाही. मी अडखळले ते आत्याबाईंना कळलं.

"म्हंजे अक्काचा सोताचा गिलास," मामा म्हणाले. "मला वाटत होतं, अक्का शहरातली झाली, आता आपल्याला इचारत न्हाई. अन् बघ, तिनं मला आपल्या तोंडचा गिलास दिला." आणि एका दमात पाणी प्यायले.

खोक्यात काय होतं ते या माणसाला ठाऊकच नव्हतं. खोका मामींनी बांधला असणार. इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेला सूड त्यांनी असा घटाघटा पिऊन टाकला. मी आत्याबाईंकडे बघायचं धाडस केलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि मलाच दटावलं, "बघून काय राहिलीस? अजून पाणी दे त्याला."

त्या संध्याकाळी सहाही पेले पुढच्या ओळीत आले. भोकरच्या विहीणबाईंनी लगेच हटकलं, "हे तर तुमच्याच नावाचे." आत्याबाई म्हणाल्या, "हाव. पण रंगूचे हायत."

यंदा आत्याबाई गेल्या. तेराव्याला मामा आले, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, आता डोळे स्वच्छ. मी सवयीनं त्यांच्याच पेल्यात पाणी दिलं आणि देता देता माझी चूक माझ्या लक्षात आली. मामांनी पेला फिरवला आणि पूर्ण ओळ वाचली.

"हे माझ्या रेखाच्या लग्नातले. आमच्याच घरनं परत आले व्हय?"

"हो, मामा."

"मग भांडली का न्हाई ती माझ्याशी?"

"भांडतच होत्या, मामा. तुम्हीच यायचे थांबलात."

मामांनी मान खाली घातली. आत्याबाईंना हवी होती तेवढी, अगदी तशीच. मग पाणी प्यायले. मी पेला घासला आणि पुढच्या ओळीत ठेवला, नाव दर्शनी.