लिफ्टचा सुटा भाग

सातव्या मजल्यावरच्या निवृत्त गणिताच्या बाईंनी एकदा लिफ्टकाकांना त्यांच्या आयुष्याचं गणित सोडवून दाखवलं होतं. दिवसाला इतक्या फेऱ्या, फेरीला इतके मीटर, असं सव्वीस वर्षांचं धरलं तर पृथ्वीला जवळजवळ पाऊण प्रदक्षिणा झाली. लिफ्टकाका म्हणाले होते, "आणि एवढं फिरून पोचलो कुठं, तर तुमच्या दाराशी."

लिफ्ट जुनी होती. तिला बटणं नव्हती. एक पितळी दांडा होता आणि दोन जाळीचे दरवाजे. मजला यायच्या वीतभर आधी दांडा सोडायचा, की लिफ्ट बरोबर फरशीला टेकायची. पण ही वीत माणसागणिक बदलायची. जड माणूस वर न्यायचा तर दांडा उशिरा सोडायचा, तोच खाली आणायचा तर लवकर. लिफ्टकाका माणूस आत शिरताना लिफ्ट किती दबते ते तळपायाने जोखत, आणि कोणाचं वजन वाढलं हे त्याच्या बायकोच्या आधी त्यांना कळे. चौथ्या मजल्यावरच्या एका साहेबांनी "त्यात काय एवढं" म्हणून एकदा स्वतः दांडा धरला होता. ते पूर्ण दुपार चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधे बसून होते. तेव्हापासून दांड्याला कोणी हात लावत नसे.

मग साथ आली, लॉकडाऊन लागला, आणि सेक्रेटरींना पालवी फुटली.

सेक्रेटरी पाचव्या मजल्यावर राहत. चौतीस वर्षं एका कार्यालयात फायली सांभाळून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर बिचाऱ्यांना सूचना काढायला कोणी उरलं नव्हतं. घरात बायको ऐकत नव्हती आणि इमारतीत कोणी वाचत नव्हतं. साथीने त्यांचे दिवस पालटले. पंधरा दिवसांत खालच्या फळ्यावर बावीस सूचना लागल्या. एकविसावी सूचना अशी होती की सूचना वाचण्यासाठी फळ्यासमोर गर्दी करू नये.

घोडं अडलं ते नवव्या सूचनेशी: 'लिफ्टमध्ये एका वेळी एकच व्यक्ती.'

ती एक व्यक्ती म्हणजे लिफ्टकाका. ते उतरले तर लिफ्ट चालत नाही, आणि ते आत असले तर दुसरं कोणी चढू शकत नाही. चार दिवस लिफ्टकाका एकटेच वर-खाली करत राहिले. लोक आपल्या पिशव्या लिफ्टमध्ये ठेवत आणि स्वतः जिना चढत. सेक्रेटरी पाचव्या मजल्यावर कठड्याला धरून धापा टाकत पोचत, तेव्हा त्यांची बटाट्यांची पिशवी पाच मिनिटं आधीच येऊन थांबलेली असे.

"बटाटे मजेत आहेत, साहेब," लिफ्टकाका सांगत.

पाचव्या दिवशी सेक्रेटरींच्या गुडघ्यांनी सभा बोलावली. सभाही नियमात बसणारी: प्रत्येकाने आपापल्या मजल्यावर कठड्याशी उभं राहायचं आणि जिन्याच्या पोकळीत बोलायचं. आवाज वर-खाली घुमत. दुसऱ्या मजल्यावरचं कोण बोललं आणि सहाव्यावरचं कोण, हे बोललेल्यालाही कळेना.

तिसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "प्रश्न सोपा आहे. नियम व्यक्तींसाठी आहे. लिफ्टकाका लिफ्टमध्ये असताना व्यक्ती आहेत का, एवढंच ठरवायचं."

"म्हणजे काय आहेत मग?" वरून बाईंनी विचारलं.

"बाई, ज्याच्याशिवाय यंत्र चालत नाही तो यंत्राचा भाग. दांडा काढला तर लिफ्ट चालेल? नाही. काका काढले तर चालेल? नाही. मग दोघांत फरक काय?"

"दांड्याला बायको-मुलं नसतात."

"तो कौटुंबिक मुद्दा झाला. कायदेशीर सांगा."

ठराव क्रमांक चौदा मांडला गेला: लिफ्टमन हा लिफ्टचा अविभाज्य भाग समजण्यात यावा. एकवीस घरांपैकी एकोणीस बाजूने, दोन विरोधात. एक विरोध बाईंचा. दुसरा दुसऱ्या मजल्यावरच्या अशा गृहस्थांचा, जे आजवरच्या प्रत्येक ठरावाच्या विरोधात होते आणि पाणी रोज यावं या ठरावाच्याही होते. सह्यांचा कागद मजल्या-मजल्यावर फिरवायचं काम साहजिकच लिफ्टकाकांकडे आलं. ते प्रत्येक मजल्यावर जाळी उघडत, कागद पुढे करत आणि म्हणत, "इथं करा."

त्यांना त्या वेळी त्याचं काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं. सव्वीस वर्षांत आपल्यावर एवढी चर्चा पहिल्यांदाच झाली, असं त्यांनी रात्रीच्या फोनवर बायकोला सांगितलं.

"मग काय ठरलं?" तिने विचारलं.

"माझ्यावाचून चालत नाही असं ठरलं."

"हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

बायको नदीपलीकडे होती. लॉकडाऊन लागला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले होते, "पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, काका, गच्चीवरच्या मशीन-रूममध्ये राहा." पंधरा दिवसांचे दहा आठवडे झाले. मोटारीच्या शेजारी पथारी, खिळ्याला शर्ट, आणि घरी बायको व पहिल्या बाळंतपणाला आलेली लेक. जावई दुसऱ्या गावात अडकलेला. डॉक्टरांनी दिलेली तारीख आता नऊ दिवसांवर आली होती. रिक्षा बोलवायला, दवाखान्यात धावायला घरात दुसरं कोणी नव्हतं. लिफ्टकाका दोनदा पुलापर्यंत चालत गेले होते. दोन्ही वेळा नाक्यावरून परत पाठवलं. पास दाखवा. पास नाही. मग मागे फिरा.

पास इमारतीच्या कर्मचाऱ्यांना मिळत होते. पहारेकऱ्याला मिळाला, झाडूवाल्याला मिळाला, पाण्याचा पंप सोडायला येणाऱ्यालाही मिळाला. लिफ्टकाका पाचव्या मजल्यावर गेले, दारापासून सहा फुटांवर उभे राहिले.

सेक्रेटरींनी यादी काढली, चष्मा पुसला. "तुमचं नाव कर्मचाऱ्यांत नाही."

"सव्वीस वर्षं होतं की, साहेब."

"होतं. ठरावानंतर तुम्ही यंत्रसामग्रीत गेलात. हे बघा. मोटार एक, दोरखंड चार, दरवाजे, दांडा, आणि हे तुम्ही." त्यांनी कागद लांबूनच दाखवला. अक्षर सुरेख होतं. "म्हणून तर तुमच्यावर दोन वेळा फवारणी होते. कर्मचाऱ्यांवर होत नाही."

ते खरं होतं. झाडूवाला सकाळ-संध्याकाळ पंप घेऊन येई, आधी जाळी, मग दांडा, मग म्हणे, "काका, डोळे मिटा."

"मग परत माणसांत घ्या मला. दोन दिवसांसाठी घ्या."

"त्याला ठराव रद्द करावा लागेल. त्याला सभा लागेल. आणि पाचपेक्षा जास्त लोक जमायला आता बंदी आहे."

"जिन्यात घेतली होती ना?"

"ती बंदीच्या आधी." सेक्रेटरींचा चेहरा खरोखर पडला होता, माणूस वाईट नव्हता, फक्त कागदाबाहेर पडल्यावर त्याला दम लागायचा. "आणि काका, खरं सांगू? सभा झाली तरी मत कोण देईल? तुम्ही माणूस झालात की लिफ्ट बंद. एकोणीस घरांचे गुडघे आहेत."

लिफ्टकाकांनी तरी मजल्या-मजल्याला विचारून पाहिलं. सगळे गोड बोलले. वकील म्हणाले, नैतिकदृष्ट्या मी तुमच्याबरोबर आहे. चौथ्या मजल्यावरचे साहेब म्हणाले, लेकीला आशीर्वाद सांगा. सहाव्यावरच्या आजींनी तर डोळ्यांना पदर लावला, आणि मग विचारलं, "संध्याकाळी मला खाली नेशील ना रे?" माया सगळ्यांना होती. ती फक्त जिना चढायला तयार नव्हती.

शेवटी सातवा मजला. बाई दार उघडून ऐकत उभ्या होत्या. जिन्याच्या पोकळीने त्यांच्यापर्यंत सगळं पोचलंच होतं.

"तुम्ही ठराव मोडायला निघालात, तिथं चुकलात," त्या म्हणाल्या. "भूमितीत जो पक्ष दिला असेल तो धरून चालायचं. लिफ्टच्या मेकॅनिकला पास आहे का?"

"आहे. दर महिन्याला येतो. टेम्पोवर पासच चिकटवलाय."

"त्यावर काय लिहिलंय?"

लिफ्टकाकांनी आठवून सांगितलं, "लिफ्टची दुरुस्ती आणि सुट्या भागांची ने-आण."

वर्गात शेवटच्या बाकापर्यंत उत्तर पोचेपर्यंत थांबायची बाईंची जुनी सवय होती. ते पोचलं तेव्हा लिफ्टकाका म्हणाले, "बाई, हे बरं दिसेल का?"

"तुम्हाला यादीत चार दोरखंडांच्या खाली लिहिलं, ते बरं दिसलं का?"

मेकॅनिक दुसऱ्या दिवशी आला. हाताला कायम ग्रीस आणि चेहऱ्यावर कधीच हसू नसलेला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं, चलनाचं पुस्तक काढलं आणि पेन्सिल कानामागून घेतली.

"बिघाड काय लिहू?"

"काही लिही."

"काही कसं लिहू? मी आजवर खोटा बिघाड लिहिला नाही." त्याने लिफ्टकाकांकडे एकदा आपादमस्तक पाहिलं. दहा आठवड्यांची दाढी, फवाऱ्याने पांढरा पडलेला शर्ट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "सतत वापरामुळे झीज," त्याने लिहिलं.

चलनावर सेक्रेटरींची सही लागत होती. सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं. 'लिफ्टचा सुटा भाग, एक नग, दुरुस्तीसाठी बाहेर.'

"कुठला भाग?"

"ठरावातला," मेकॅनिक म्हणाला.

सेक्रेटरींनी ठरावांची फाईल काढली. यादी काढली. चलन, ठराव आणि यादी शेजारी शेजारी ठेवली आणि बोट फिरवत बराच वेळ वाचत राहिले. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर आधी संशय होता, मग काळजी, आणि मग, हळूहळू, चौतीस वर्षं फायलींत घालवलेल्या माणसाचं समाधान. तिन्ही कागद एकमेकांशी जुळत होते. चूक होती ती एकच.

"नगाचा क्रमांक नाही," ते म्हणाले.

लिफ्टकाका नोकरीला लागले ते साल क्रमांक म्हणून घातलं. सेक्रेटरींनी सही केली, शिक्का मारला, आणि ठरावाची प्रत सोबत जोडून दिली.

पुलावरच्या नाक्यावर हवालदाराने टेम्पो थांबवला. पास पाहिला, चलन पाहिलं, मागे डोकावला. मागे हत्यारांची पेटी आणि एक तेलाचा डबा होता.

"भाग कुठाय?"

"हा," मेकॅनिकने शेजारच्या सीटकडे बोट केलं.

"हा माणूस आहे."

"साहेब," लिफ्टकाका म्हणाले, "असं म्हणणारे तुम्ही दहा आठवड्यांत पहिले."

हवालदाराने ठराव वाचला. एकोणीस सह्या मोजल्या. पुन्हा लिफ्टकाकांकडे पाहिलं. "घरी कोण आहे?"

"लेक. आठ दिवसांवर आलंय."

हवालदार सकाळी सहापासून उन्हात उभा होता. त्याने सकाळपासून औषधं आणायला निघालेले एकशेचाळीस लोक पाहिले होते. त्यांतल्या निम्म्यांना औषधाचं नाव सांगता आलं नव्हतं. त्याने चलनाची घडी घातली.

"माणूस असेल तर पास लागतो. भाग असेल तर चलन लागतं. चलन आहे. पण सामान पुढच्या सीटवर न्यायला परवानगी नाही. मागे ठेवा."

लिफ्टकाका मागे जाऊन तेलाच्या डब्याशेजारी बसले. पूल ओलांडताना त्यांच्या लक्षात आलं की सव्वीस वर्षांत ते एवढं सरळ, आडव्या रेषेत, कोणी दुसऱ्याने चालवलेल्या वाहनातून क्वचितच गेले होते. गार वारा लागत होता. त्यांनी तोंडावरचा मास्क नीट केला, कारण डोळ्यांतलं पाणी त्यात जात होतं.

बायको दारातच बादली आणि साबण घेऊन उभी होती. "पुढं येऊ नका. आधी अंघोळ, मग बाहेरची खोली, मग चौदा दिवस."

"मी काय..."

"काय ते सगळं खिडकीतून सांगा."

लेकीला पाचव्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या. गल्लीच्या तोंडाशी लावलेले बांबू रुग्णवाहिकेला आत येऊ देत नव्हते. लिफ्टकाकांनी ते एकट्याने उपटले, गाडी दारापर्यंत आणली, आणि बायको-लेक आत बसल्यावर स्वतः सायकलवरून मागे गेले. दवाखान्यात त्यांना आत सोडलं नाही. ते फाटकाशी उभे राहिले. दहा वाजता बायको दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत आली आणि तिने दोन्ही हातांनी एक पांढरं गाठोडं वर धरलं. मग तिने गाठोड्याचं टोक बाजूला केलं. मुलगी होती.

बरोबर त्याच वेळी खिशातला फोन वाजला.

"काका," सेक्रेटरी म्हणाले. आवाजाला दम लागलेला होता. बहुधा जिन्यात होते. "पाच दिवस झाले. दुरुस्ती कधी पूर्ण होणार, याची लेखी तारीख लागेल. सहाव्यावरच्या आजी वरच अडकल्यात. वकील रोज भांडतात. मी स्वतः आत्ता तिसऱ्या मजल्यावर बसलोय."

"साहेब, दवाखान्यात आहे."

"का? काय झालं?" सेक्रेटरी घाबरले.

"नात झाली."

मग सेक्रेटरी म्हणाले, "दोघी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत."

"मग बसा तिथं," सेक्रेटरी म्हणाले. "मी जातो हळूहळू. दोनच मजले राहिलेत."