खाडीतली बस

"हाव माय, बसमंदीच हावो," असं बँकेचे ते साहेब फोनवर आईला सांगायचे तेव्हा आमची बोट वर्सोव्याच्या खाडीत बरोबर मधोमध असायची. एका हातानं फोन कानाशी, दुसऱ्या हातानं बोटीचा खांब असा आवळलेला की जणू कोणी तो चोरून नेणार आहे, आणि डोळे गच्च मिटलेले.

तुम्ही कधी वर्सोव्याहून मढला बोटीनं गेला असाल तर हसाल. प्रवास तो केवढासा, टेकायला जागा शोधेपर्यंत उतरायची वेळ येते. स्कूटरी, मासळीच्या टोपल्या, कॉलेजची मुलं, मढच्या बंगल्यांत शूटिंगला निघालेले मेकअपवाले, सगळे एकाच बोटीत दाटीवाटीनं उभे. भीती वाटावी असं त्या पाण्यात काही नव्हतं. पण मनुष्य अकोल्याकडच्या बाळापूरचा. त्यांच्या लेखी तो सात समुद्रांपैकी एक होता.

मी मढच्या एका शाळेत शिकवते आणि रोज त्याच बोटीनं जाते. पहिल्या दिवशी ते धक्क्यावर माझ्याजवळ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात डब्याची पिशवी. फार महत्त्वाचं विचारतो आहे अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, पोहता येते का तुमाले?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग तुमच्यापाशी बसून काय फायदा?" असं म्हणून ते सरळ पुढं गेले आणि एका कोळीण मावशीच्या टोपलीशेजारी जाऊन बसले. त्यांच्या हिशेबानं बोटीतली ती सगळ्यांत सुरक्षित जागा होती.

त्यांचं ते 'तुमाले' ऐकून मला राहवलं नाही. उतरताना मी विचारलं, "अकोल्याकडचे का?"

ते थबकले. "तुमाले कसं समजलं?"

"मी अमरावतीची."

त्यांचा चेहरा उजळला. "म्हन्जे घरच्याच. मंग पोहता येत नसन तरी चालते." दुसऱ्या दिवसापासून ते एका बाजूला मावशी आणि एका बाजूला मी असे बसू लागले.

त्यांना बँकेत बढती मिळाली आणि बढतीबरोबर मढच्या शाखेत बदली. मुलांच्या शाळेमुळे बायको अकोल्यालाच राहिली. हे वर्सोव्यात एक खोली घेऊन राहिले. रस्त्यानं मढला जायचं तर मालाडचा सगळा वळसा घालावा लागतो आणि बँक उघडायच्या वेळेला तुम्ही अजून सिग्नलवरच असता. म्हणून बोट. बोटीतले लोक त्यांना 'अकोला' म्हणू लागले. "अकोला आला का? मग सोड बोट," असं नाखवा ओरडायचा. हे रोज न चुकता दुरुस्त करायचे, "अकोला नाही, बाळापूर." पण बाळापूर कोणी मनावर घेतलं नाही.

त्यांच्या पिशवीत डब्याबरोबर तेलाची एक रिकामी पांढरी कॅन असायची, बूच घट्ट लावलेली. बँकेचा वॉचमन ती रोज उघडून हुंगायचा. शाखेतल्या लोकांचा समज होता की साहेब मढहून स्वस्त खोबरेल नेतात. मी एकदा विचारलंच.

"रिकामी कॅन बुडत नाही मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमीबी एक ठेवत जा."

खरा पेच होता तो आईचा. ती बाळापूरला घर आणि शेत सांभाळून एकटी राहायची. देवपूजा आटोपली की लेकाला फोन. तिची पूजा आणि आमची बोट यांची वेळ अशी काही जमलेली होती की फोन नेमका पाण्यावर असतानाच वाजे. आणि तिला ते बोटीनं जातात हे कळता कामा नये, कारण जन्माच्या वेळी जोश्यानं सांगितलेलं होतं, याला पाण्यापासून घात आहे.

"लहानपनी पोरं नदीत पोहत, मी काठावर त्यायचे कपडे राखो," ते सांगायचे. "काशीले गेलो तं बायको एकटी नावेत बसून पल्याड गेली. मी घाटावर. माय म्हने, पान्याच्या वाटीले जाऊ नको. आता हे समजलं तं म्हनन, सोड ते साहेबकी अन् ये घरी. अन् माह्या मायनं म्हतलं म्हन्जे मले या लागते."

ते हे हसत सांगत नव्हते. बढतीसाठी त्यांनी बरीच वर्षं वाट पाहिली होती. आणि आईचा शब्द मोडायचा, हे त्यांना येतच नव्हतं.

म्हणून ती बस.

"बापू, आवाज कायचा येऊन राहिला?" पलीकडून खणखणीत प्रश्न यायचा. आईचा आवाज असा की फोन लावला नसता तरी ऐकू आला असता.

"इंजनाचा, माय. जुनी बस हाय."

"अन् कावये कायले वरडतात?" बोटीवर घिरट्या घालणारे कावळे तिला तिकडं ऐकू यायचे.

"खिडकी उघडी हाय."

एकदा मावशी शेजारणीशी बोंबलाच्या भावावरून कडाडून भांडत होती. हे घाम पुसत म्हणाले, "बाजाराची बस भेटली आज." तेव्हापासून बोटीला सगळा प्रकार कळला. दुसऱ्या दिवशी फोन वाजला तशी मावशी आपणहून कंडक्टरच्या थाटात ओरडली, "चला, पुढं सरका, पुढं सरका." नाखव्यानं भोंगा दाबला. कॉलेजच्या एका मुलीनं 'स्टॉप येणार का' म्हणून विचारलं. एका मेकअपवाल्याला हे इतकं आवडलं की तो "अंधेरी, अंधेरी, खाली गाडी" असं ओरडत सुटला.

"बापू," आई काळजीनं म्हणाली, "हे बस लय भरली दिसते. दुसरीनं जात जाय."

सगळी बोट तोंडात रुमाल कोंबून बसलेली. त्यांनी मात्र फोन ठेवल्यावर सगळ्यांकडे पाहून हात जोडले. पुढं हे रोजचंच झालं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं, पण त्या फोनसाठी सगळी आपापल्या जागी तयार असायची.

आणि मग आई मुंबईला आली.

"तुही साहेबाची खुर्ची पाहाची हाय मले," हे तिचं एकच मागणं. त्यांनी आदल्या दिवशी मला धक्क्यावर गाठून सांगितलं की उद्या रजा काढली आहे, बोट नाही, तिला रिक्षानं मालाडवरून नेतो. आमची बोट त्या सकाळी अगदीच मुकी गेली.

दुपारी शाळा सुटली आणि मी धक्क्याकडे निघाले, तर वाटेत ही दोघं उभी. ती बारीक, ताठ, लुगडं नेसलेली, कपाळावर मोठ्या कुंकवाएवढं गोंदण. हे रिक्षा शोधून शोधून रडकुंडीला आलेले. येताना इतका वेळ लागला होता की बँकेत पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली होती, आणि आईनं खुर्ची पाहिली ती बंद काउंटरच्या अलीकडून. आता परतीला एकही रिक्षावाला मालाडचं भाडं घ्यायला तयार नव्हता. मला पाहताच ते डोळ्यांनी काहीतरी खुणावू लागले. मी समजून ओळख न दाखवता पुढं निघाले होते, तेवढ्यात रिकामी टोपली घेऊन धक्क्याकडं परतणारी मावशी आली.

"काय रं अकोला," ती म्हणाली, "आज सकाली बोटीन दिसला नाय तो?"

 मग आईनं विचारलं, "कोंत्या बोटीत?"

"बसले इकडं बोट म्हन्तात, माय," हे म्हणाले.

मावशीच्या लक्षात आलं, पण फार उशिरा. "हां, म्हंजे तसं काय, बोट काय न् बस काय," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावरून काखेत घेतली.

आईनं समोर पाहिलं. धक्क्याला बोट लागलेली होती, माणसं चढत होती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी याच्यासंग जाता वाटते रोज. कुठच्या तुमी?"

"अमरावतीची."

"मंग सांगा खरं."

आता अमरावतीची म्हटल्यावर काय करणार? "बोटच, आजी," मी म्हटलं.

तिनं लुगड्याचा ओचा वर खोचला आणि चालू लागली ती थेट धक्क्यावर. हे मागून, "माय, थांब. माय, आयक तं खरी." नाखव्यानं हात पुढं केला तो तिनं घेतला नाही. बांध ओलांडावा तशी ती बोटीत उतरली, अगदी कडेच्या फळीवर बसली, खाली वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखून थुंकलं. "खारं हाय," ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली. मग धक्क्यावर उभ्या असलेल्या लेकाला म्हणाली, "ये. बस."

ते आले, खांब धरून बसले. बोट निघाली. ही एवढी बडबडी बोट, पण त्या दिवशी फक्त इंजिन बोलत होतं.

"रोज जातं?"

"हाव."

"काहून नाही सांगतलं?"

"तुहा जीव घाबरला असता. जोश्यानं सांगतलं होतं ना..."

"कोन्ता जोशी?"

त्यांनी डोळे उघडले. पाण्यावर असताना त्यांचे डोळे उघडे मी पहिल्यांदाच पाहिले. "कोन्ता म्हन्जे? ज्यानं सांगतलं, याले पान्यापासून घात हाय."

आई पदराच्या टोकाला गाठ मारू लागली, ती सोडू लागली, परत मारू लागली. मग पाण्याकडे पाहत म्हणाली, "जोशी गिशी कोनी नव्हता, बापू. तू शाया सोडून नदीवर जात होता. त्या साली आपल्या गल्लीतलं एक पोरगं डोहात गेलं. त्याची माय म्या पाहिली होती. तुले मारलं असतं तं तू आयकलं नसतं. म्हून म्या जोशी काढला."

"अन् मंग नंतर काहून नाही सांगतलं?"

"विसरली." मग ती म्हणाली, "मले वाटलं, लगन झालं, लेकरं झाले. आता तं समजलं असन याले."

मावशीनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही. कॉलेजच्या मुली मोबाइलकडे पाहत होत्या, पण एकीचंही बोट हलत नव्हतं.

"म्हन्जे मले घात नाही?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी शाळकरी पोराचा.

"घात सगळ्यायलेच असते," आई म्हणाली. "तुलेच काय येगळा हाय."

वर्सोवा आलं तरी ते उठेनात. शेवटी आईनंच पिशवी उचलली. पिशवीतून कॅन डोकावत होती. "हे कायले आनतं रे?" तिनं विचारलं.

"तेल न्याले," ते म्हणाले. एवढं एकच खोटं त्यांनी शिल्लक ठेवलं.

त्यानंतर दोनचार दिवस ते कोणाशीच धड बोलले नाहीत. मला वाटलं, आईवर रागावले असतील. एका सकाळी म्हणाले, "राग नाही मॅडम. पन काशीले बायको एकटी गेली. पल्याडून हात दाखवून राहिली होती. मी इकडून हात दाखोला. तेवढं आठवते." मग म्हणाले, "आता भेव तं अजूनबी लागते. पन आता ते जोश्याचं नाही, मायचं हाय. समजत नाही सोडून देऊ का राहू देऊ."

 मी आजही पोहायला शिकलेली नाही.

आई बाळापूरला परत गेली आणि फोन पुन्हा ठरल्या वेळी येऊ लागला. आता तिचा हुकूम वेगळा होता. "फोन पान्याकडं धर जरा." हे उठून कडेला जायचे, हात लांब करून फोन पाण्यावर धरायचे. नाखवा तेवढ्यापुरतं इंजिन मंद करायचा, मावशी शेजारणीला गप्प करायची, आणि लाटा बोटीला चापट्या मारायच्या तो आवाज बाळापूरला पोचायचा. पलीकडं आई तो ऐकत राहायची. मग म्हणायची, "हं. जाय आता कामावर." पहिले काही दिवस ते आम्हांला शर्ट धरून ठेवायला सांगायचे. पुढं नुसती पिशवी सांभाळायला देऊ लागले.

दोन पावसाळे गेले आणि त्यांची बदली अकोल्याला झाली. विनंती केली होती, ती मान्य झाली. बँकेतून मोकळे झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते धक्क्यावर हजर. मढला काही काम नव्हतं, संध्याकाळी गाडी होती. मावशीनं त्यांना सुक्या बोंबलांची पुडी दिली. ते माळकरी घरातले, पण पुडी दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाले, "मायले दाखवतो. खानार नाही, पन दाखवतो."

बोट मढला लागली, आम्ही सगळे उतरलो. "चला," मी म्हटलं, "अकोल्याला आले की येईन घरी."

"या ना. अकोल्याले नाही, बाळापूरले या," ते म्हणाले, पण उतरले नाहीत. "तुमी व्हा पुढं. मी जातो याच बोटीनं वापस."

सकाळी मढहून परतणारी बोट जवळजवळ रिकामीच असते. मी शाळेच्या रस्त्याला लागले आणि वळणावरून मागं पाहिलं. खाडीत ती एकच बोट होती आणि तीत ते एकटेच, नाखव्यासमोरच्या फळीवर पाण्याकडं पाठ करून बसलेले. दोन्ही हात हवेत उडवून त्याला काहीतरी सांगत होते. काय ते मला ऐकू आलं नाही. नाखवा इंजिन बंद करून, सुकाणूवर हात टेकून ऐकत होता, आणि बोट आपली वाहील तिकडं सावकाश वाहत होती.