मागच्या दारातून

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला म्हणून मी तिला निपाणीहून बेंगळूरला घेऊन आलो. आम्ही राहतो हेब्बाळला आणि डॉक्टर बेळ्ळंदूरला. वेळ साडेदहाची होती. त्या सकाळी दोन टॅक्सीवाल्यांनी येतो येतो म्हणून ऐनवेळी नाही म्हटलं. मी वैतागून म्हणालो, "चल, बसनं जाऊ."

"गर्दी असंल रे," ती म्हणाली.

"मी रोज जातोच की. बायका पुढच्या दारानं चढतात. तू पुढनं चढ, मी मागनं येतो. उगाच घाबरत बसू नकोस."

शेवटचं वाक्य मी जरा जोरातच बोललो. तिची कापडी पिशवी माझ्या खांद्याला होती. रिपोर्ट, पाण्याची बाटली, तिचा बटणांचा फोन, सगळं त्यातच.

पहिल्या दोन बस थांबल्याच नाहीत. तिसरी थांबली, तीही एका अंगाला कललेली. आईला पुढच्या दाराकडे वळवून मी मागे धावलो. एक पाय कसाबसा पायरीवर टेकला, पुढचं काम मागच्या लोकांनीच केलं. कुणाची बॅग बरगडीत, कुणाचं कोपर कानाशी. बस काही हलेना. पुढे बायकांचा गलका चालला होता, "निल्सी, निल्सी", म्हणजे थांबवा, थांबवा. मला वाटलं, कुणीतरी बाई रेंगाळतेय. सव्वानऊ वाजून गेले होते. अंगातून घाम निथळत होता. मी जोरात ओरडलो, "होग्री, होग्री! टैम आयितु!" चला, उशीर झाला. आणखी दोघा-तिघांनी री ओढली आणि बस सुटली.

पुढच्या माणसांच्या डोक्यांतून काही दिसत नव्हतं. आई आत आहे, हे मी गृहीत धरलं होतं. तासाभराचा प्रवास मी एका हातानं ऑफिसच्या मेल वाचत केला.

बेळ्ळंदूरला उतरून पुढच्या दाराशी उभा राहिलो. एकेक बाई उतरली. आई नाही. शेवटी उतरलेल्या एका अक्कांना विचारलं, हिरव्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या बाई कुठे आहेत?

"अय्यो, त्या तुमच्या आई?" त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "त्या हेब्बाळलाच राहिल्या. त्यांना पायरी दिसत नव्हती. आम्ही हात देत होतो, तेवढ्यात मागून कोणीतरी 'होग्री' म्हणून ओरडला. ड्रायव्हरनं गाडी काढली."

मी समोर आलेल्या पहिल्या रिक्षात बसलो. परतीच्या वाटेवर ट्रॅफिक तसूभरही सरकत नव्हता. मी मांडीवर तिची पिशवी घट्ट धरून बसलो होतो. आत तिचा फोन होता आणि मी वेड्यासारखा तिलाच फोन लावला. तो माझ्याच मांडीवर वाजला.

हेब्बाळच्या स्टॉपवर एका शहाळेवाल्यानं तिला उलट्या क्रेटवर बसवलं होतं. उन्हात अडीच तास. मला अगदी जवळ आल्यावर तिनं ओळखलं.

"आलास? माझाच पाय चढंना बघ," ती म्हणाली. "तुझी वेळ चुकली की रे डॉक्टरांची."

तिची वेळ होती ती. माझी नव्हे.

घरी बायकोनं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "गर्दीत चुकामूक झाली." आई शेजारीच जेवत होती. ती काही बोलली नाही. नंतरचे कितीतरी दिवस बसमध्ये कुणी 'चला, चला' म्हणून ओरडलं की मी मान खाली घालायचो.

डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. आदल्या संध्याकाळी आई बाल्कनीत मेथी निवडत होती. मी शेजारी बसलो आणि एकदाचं सांगून टाकलं, "आई, त्या दिवशी मागनं ओरडणारा मीच होतो."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली नाही. "म्हाईत हाय," ती म्हणाली. "हितली माणसं 'होगी' म्हणत्यात. 'होग्री' म्हणायला आपल्या निपाणीकडचंच कोण तरी लागतंय. आणि तुझा आवाज मला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुला ठावं नव्हतं मी खाली हाय ते."

"दुसरं कुणी खाली असतं, तरी मी ओरडलोच असतो."

यावर ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे माझा चेहरा जिथे असेल तिथे. "ते मात्र खरं," ती हळूच म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून गाडी ठरवली होती. ती ऐकेना. बसनंच जायचं म्हणाली. मी पुढच्या दारानं तिच्या मागोमाग चढलो, तिच्या पाठीला हात लावून. बायका माझ्यावर तुटून पडल्या, हे लेडीजचं दार आहे, मागे जा. एकीनं तर छत्रीनं ढोसलं. आईला सीट मिळेपर्यंत मी तसाच उभा राहिलो आणि सगळं ऐकून घेतलं.

तिचं ऑपरेशन नीट झालं. आता तिला निपाणीच्या स्टँडवरच्या पाट्या लांबून वाचता येतात. फोनवर ती मला ते कौतुकानं सांगते. 'माझं चुकलं' हे दोन शब्द मात्र मी तिला अजून म्हटलेले नाहीत.