सार्जंटचं ऊन

वॉलेस तेंगानअंकलनी माझे अव्होकॅडो परत केले, त्या दिवशी आमच्या गल्लीत जेवढी चर्चा झाली तेवढी नगरपालिकेने रस्ता खोदून तसाच सोडला तेव्हाही झाली नव्हती.

आमच्या कानेओहे गावात फळं परत करायची पद्धत नाही. झाडाला माल लागला की पिशवी भरायची, शेजाऱ्याच्या फाटकाला अडकवायची आणि गुपचूप घरी यायचं. ज्याला नको असेल तोही घेतो आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच्या फाटकाला अडकवतो. माझीच लिची गल्लीभर फिरून माझ्याच फाटकाला लागलेली मी पाहिली आहे, फक्त पिशवी बदललेली. पण अंकल सरळ दारात आले. चपला बाहेर काढल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. पिशवी पुढे धरून म्हणाले, "मेल्विन, हे तुझे तू ठेव."

"का हो अंकल? काय वाईट आहे त्यांच्यात?"

"वाईट आहे असं म्हटलं का मी?"

"मग?"

"चांगले आहेत असंही अजून कुणी दाखवलेलं नाही."

एवढं बोलून पायात चपला सरकवून चालते झाले. माझी बायको डार्लीन स्वयंपाकघरातून ओरडली, "तू काय केलंस त्यांना?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिचा पहिला संशय अजून माझ्यावरच येतो. आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो, हे वेगळं.

या वेळी मात्र मी काहीच केलं नव्हतं. प्रकरण सार्जंटचं होतं.

सार्जंट म्हणजे अंकलचा शॅमेलिऑन. आमच्याकडच्या कुंपणांत हे तीन शिंगांचे हिरवे सरडे वर्षानुवर्षं आहेत. एकेकाळी कुणीतरी पाळायला बाहेरून आणले, ते सुटले, आणि डोंगराकडून रोज येणारा पाऊस आणि ओली झाडं त्यांना अशी मानवली की आता जास्वंद छाटताना आधी फांदीवर सार्जंटचा कुणी नातेवाईक तर बसला नाही ना, हे बघावं लागतं. पोरं ते घरी नेतात, चार दिवस कौतुक करतात आणि परत झाडावर सोडतात. अंकलनी मात्र सार्जंटला पोटच्या पोराच्या वरताण सांभाळलं होतं. लग्न केलं नव्हतं, तेव्हा तुलनेला पोटचं पोर नव्हतं, ही सोय.

माणूस जन्माचा संशयी. उभं आयुष्य डोंगरापलीकडे होनोलुलूला जाणारी बस चालवली. समोरच्या रस्त्याइतकंच त्यांचं लक्ष आरशात असायचं. कोण पुढच्या सीटखाली च्युइंगम चिकटवतंय, कोण जुन्या तिकिटावर दुसऱ्यांदा चढलंय, सगळं दिसायचं. निवृत्त झाले तरी आरसा सुटला नाही. घराच्या ओट्यावर एक गोल आरसा असा लावला होता की खुर्चीत बसून आख्खी गल्ली दिसावी. आम्ही येताजाता त्या आरशाला हात करायचो. अंकलही आरशातूनच हात करायचे.

सार्जंटच्या आधी त्यांच्या कुंपणावर दुसरा एक म्हातारा शॅमेलिऑन होता. त्याला पिंजरा नाही, काही नाही. सकाळी अंकल पाईप घेऊन झाडावर पाणी उडवायचे, तो पानावरचे थेंब चाटायचा, एवढाच संबंध. एक दिवस तो कुंपणाखाली मरून पडलेला सापडला. त्याच आठवड्यात पलीकडच्या पेर्लिता दुमलाओआंटींनी आपल्या ऑर्किडवर मुंग्यांचं औषध मारलं होतं. औषधाने मेला की म्हातारपणाने, ते कुणालाच कळलं नाही. आंटी म्हणाल्या, "माझं औषध तुमच्या बाजूला उडालंच नाही." अंकल म्हणाले, "वारा कुणीकडून होता?" तिथून दोघांचं बोलणं बंद झालं.

म्हणून सार्जंट मिळाला तेव्हा अंकलनी ठरवलं की याला कुंपणाचं तोंडही दाखवायचं नाही. मागच्या खोलीत माणसाच्या उंचीचा जाळीचा पिंजरा उभा केला. आत जास्वंदीची आणि छत्रीच्या झाडाची कुंडी, चढायला पेरूच्या फांद्या. वरून बारीक फवारा, ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारा, कारण शॅमेलिऑन भांड्यातलं पाणी पीत नाही, त्याला पानावरचा थेंबच लागतो. एका कोपऱ्यात ऊब देणारा बल्ब, म्हणजे सकाळी अंग शेकायला बसावं आणि पुरे झालं की दुसऱ्या गार कोपऱ्यात जावं. वरती लांब ट्यूब, उन्हातले ते न दिसणारे किरण देणारी, ज्यांच्याशिवाय याच्या अंगात कॅल्शियम मुरत नाही. रात्री सगळं बंद, गार काळोख. आमच्या घरात पाहुण्यांच्या खोलीचीसुद्धा अशी बडदास्त नाही. पाहुणे तसं बोलूनही दाखवतात.

खाणंही घरचंच. रातकिडे अंकल स्वतः डब्यात वाढवायचे, त्यांना स्वतःच्या वाफ्यातलं गाजर द्यायचे, वरून कॅल्शियमची पांढरी पूड लावायचे. बाहेरचा एक कणही आत येता कामा नये. फळांची सालं रातकिड्यांना, रातकिडे सार्जंटला. म्हणून माझे अव्होकॅडो परत. माझ्या झाडावर मी काय मारतो याची त्यांना खात्री नव्हती.

आणि एवढं सगळं करूनही सार्जंट खंगत चालला होता.

हे मला कळलं ते आरशातून. अंकल ओट्यावर बसलेले, पण आरशात बघत नव्हते. मी हात केला, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी आंटींना टाळून रस्त्याच्या पलीकडून जाणारे अंकल चक्क आंटींच्या कुंपणाशी थांबून पानांचा वास घेताना दिसले.

"अंकल, आता ऑर्किड आवडायला लागली वाटतं?" मी विचारलं.

"मेल्विन, तुझ्या नाकाला काही येतंय का? औषधासारखं?"

"येतंय. आंटींचं अदोबो शिजतंय. त्या लसणाने सरडाच काय, मीसुद्धा पडेन."

हसले नाहीत. म्हणाले, "त्याच्या पुढच्या पायांना बाक आलाय. किडा समोर असतो, तोंड उघडतो, पण जीभ पोचत नाही. कुणीतरी काहीतरी करतंय."

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं. डॉ. यानागी म्हणाल्या, हाडं मऊ पडलीत, याला त्या किरणांचा प्रकाश मिळत नाही. अंकलनी सांगितलं, ट्यूब दिवसभर जळते, नवीकोरी आहे. डॉक्टरांनी विचारलं, पिंजऱ्याचा फोटो आहे का? फोटो असायला अंकलनी कधी काढलेला असायला हवा ना. उद्या तो फोटो कुणाच्या हाती लागला तर?

"बाई मला दुसरी ट्यूब विकायला बघतेय," अंकल म्हणाले.

"ती ट्यूब विकते कुठे? औषध देते."

"ज्या दुकानातून मी घेतली ते तिच्या दवाखान्याच्या समोरच आहे. तुला हा योगायोग वाटतो?"

मग गल्लीत संशयाला जागाच पुरेना. अंकलचा संशय आंटींवर, डॉक्टरांवर, दुकानदारावर आणि अव्होकॅडोमुळे माझ्यावर. आंटींचा संशय असा की अंकल बदला म्हणून त्यांच्या ऑर्किडची मुळं कुरतडतात. डार्लीनचा संशय असा की मी पुन्हा कुणाची तरी टिंगल केली आहे. आणि माझा संशय असा की अंकलच्या त्या खोलीत असं काहीतरी आहे जे ते कुणालाच सांगत नाहीत. एवढी बंद खोली कशाला ठेवायची माणसाने? आमच्याकडे माणसं दारंसुद्धा नावापुरती लावतात.

शेवटी मी डार्लीनने केलेला गोड पाव घेऊन गेलो. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नसतं, आणि पाव तरी झाडाला लागत नाही, म्हटलं, त्याच्यावर फवारणीचा आळ येणार नाही.

"यीस्ट कुठलं?" अंकलनी विचारलं.

"अंकल, मी आत येतोय," म्हणालो आणि चपला काढून सरळ मागच्या खोलीत गेलो.

सार्जंट फांदीला धरून नव्हता, फांदीवर पडला होता. रंग हिरवा म्हणवेना, शेवाळलेल्या दगडासारखा काळपट झालेला. एक डोळा मिटलेला, दुसरा माझ्यावर फिरला. मालकाचाच आरसा. चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. अंकल शेजारी उभे होते, पण पिंजऱ्याकडे बघत नव्हते.

"हा गेला ना, मेल्विन," ते म्हणाले, "तर मी दुसरा आणणार नाही. या वयात पुन्हा कुणाला ओळख द्यायची मला ताकद नाही."

मी वर बघितलं. ट्यूब लखलखत होती. तिच्याखाली, पिंजऱ्याच्या छतावर, स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकचा जाड पत्रा कडेकडेने चिकटपट्टीने बसवलेला. खिडकीच्या काचेच्या पट्ट्याही घट्ट मिटलेल्या, त्यांच्या फटींनाही तीच चिकटपट्टी.

"हे काय?"

"औषधाची फवारणी वरून येते. छतातून, नाहीतर खिडकीतून. मी दोन्ही वाटा बंद केल्यात."

"हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"का सांगू? उद्या आंटींना कळलं तर त्या तिसरी वाट शोधतील."

मी हसलो. हसू नये अशाच वेळी मला हसू येतं, ही माझी जुनी खोड. मग त्यांचा डावा हात धरला आणि उजव्याशेजारी ठेवला.

"अंकल, जुन्या बसमध्ये तुमच्या डावीकडची खिडकी उघडी असायची. तुमचा हा डावा हात भाजलेल्या रताळ्यासारखा दिसायचा. आम्ही पोरं म्हणायचो, वॉलेसअंकलला दोन वेगवेगळ्या माणसांचे हात शिवलेत. आठवतंय?"

"तुम्ही म्हणत होता ते मला आरशात दिसायचं."

"मग बंद काचेच्या गार बस आल्या. ऊन तसंच यायचं ना हातावर? मग हात भाजायचा का थांबला?"

अंकलनी हातांकडे बघितलं. मग पत्र्याकडे. मग परत हाताकडे. काचेतून उन्हाचा उजेड येतो, ते न दिसणारे किरण येत नाहीत, हे या माणसाने वर्षानुवर्षं स्वतःच्या कातडीवर वाचलं होतं. आणि सार्जंटच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने पत्रा चिकटवला होता. अंकल खुर्चीवर चढले आणि नखांनी चिकटपट्टी सोलायला लागले. इतक्या घाईने की एक नख उलटलं, तरी थांबले नाहीत. मी खुर्ची धरून उभा होतो. या एका वेळी मी काहीच बोललो नाही, याची साक्ष कुणी देणार नाही, पण खरं आहे.

डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्या फोनवरच इतक्या जोरात ओरडल्या की मलाही ऐकू आलं. मग शांत होऊन त्यांनी कॅल्शियमचं पातळ औषध सांगितलं आणि म्हणाल्या, ट्यूब आता काम करेल, पण इतका उशीर झालाय की नुसत्या ट्यूबच्या भरवशावर राहू नका. याला रोज सकाळी खरं ऊन द्या. उघड्यावर, झाडावर, मध्ये काहीही नको. आणि तापला की सावलीत जाता यायला हवं.

इथेच खरी अडचण होती. अंकलच्या अंगणात सकाळी घराची सावली. आंटींच्या कुंपणाचं नावही काढायचं नाही. सकाळचं कोवळं ऊन आणि मागे दाट सावली असं एकच झाड आसपास होतं: माझ्या दारातली जास्वंद.

दुसऱ्या दिवशी अंकल सार्जंटला एका फांदीसकट हातात घेऊन माझ्या फाटकाशी उभे राहिले. आत येईनात.

"या झाडावर काय मारलंयस?"

"काही नाही."

"मुंग्यांसाठी?"

"मुंग्या आमच्यात राहतात, भाडं देत नाहीत एवढंच."

"हसू नकोस, मेल्विन." त्यांनी फांदी छातीशी ओढली. "मी याला इथे ठेवला आणि काही झालं तर ते मीच केलेलं असेल. एकदा केलंय."

त्यांची थट्टा करायची माझी इच्छाच उरली नाही. बोलून उपयोग नव्हता. यांना शब्दांचा भरवसा कधीच नव्हता. मी जास्वंदीचं एक पान तोडलं, तोंडात घातलं आणि चावून गिळलं.

अंकल बघत होते. "हे तू निवडलंस."

"मग तुम्ही निवडा."

त्यांनी झाडाला एक चक्कर मारली. खालच्या बाजूचं, धुळीने माखलेलं, कडेला किड्याने खाल्लेलं पान बोटाने दाखवलं. मी तेही खाल्लं. डार्लीन दारात येऊन उभी होती. "तुझा नाश्ता करू की नको?" तिने विचारलं.

अंकलनी मग खिशातून चष्मा काढला, मला जीभ दाखवायला सांगितली, ती नीट पाहिली आणि सार्जंटची फांदी जास्वंदीला टेकवली. तो लगेच उतरला नाही. एक पाय हवेत धरून झुलत राहिला, मग पकड बसली, आणि हळूहळू उन्हाच्या पट्ट्यात जाऊन त्याने अंग चपटं केलं, पोळी तव्यावर पसरावी तसं. थोड्या वेळाने त्याच्या पाठीवर कुठे कुठे हिरवं दिसायला लागलं. अंकल म्हणाले, "पानाची सावली असेल." मी म्हटलं, "असेल."

तेव्हापासून रोज सकाळी अंकल माझ्या अंगणात खुर्ची टाकतात. तोंड झाडाकडे, पण खुर्ची अशी की मीही दिसावा. सार्जंटचे पाय बाकदारच राहणार, डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलंय. जबडा मात्र घट्ट झालाय आणि घरी तो हातातला रातकिडा घ्यायला लागलाय. जीभ लांब टाकायचं मात्र त्याने मनावरच घेतलं नव्हतं.

काल टाकली. फुलावर एक जाडजूड माशी येऊन बसली. सार्जंटचे दोन्ही डोळे एका जागी आले, तोंड थोडं उघडलं, आणि अंकलनी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले की वेत करकरला. पहिल्यांदा नेम चुकला. माशी उडून त्याच फुलावर परत बसली, मूर्ख. दुसऱ्यांदा जीभ सुटली ती मला दिसलीसुद्धा नाही. माशी गेली होती आणि सार्जंट चावत होता.

डार्लीनने टाळ्या वाजवल्या. मी अंकलच्या पाठीवर थाप मारली. त्यांचे डोळे भरले होते, पण ते पुसायच्या आधी वळून त्यांनी ती माशी आली होती त्या दिशेला बघितलं.

"मेल्विन," ते म्हणाले, "ती माशी कुणाच्या अंगणातून आली?"