फळीचा पीळ

आमच्या ह्यांना सगळी गल्ली ‘सरळराव’ म्हणते. कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी ह्यांचा हात टेबलाच्या कोपऱ्यावर. दाबून बघायचं, डुगडुगतंय का. लोकांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

चाळीस वर्षं सुतारकाम केलं, पण रंध्याच्या मशीनवर कधी पुरता भरवसा टाकला नाही. मशीन आंधळं असतं, म्हणतात. पीळ असलेली, म्हणजे एखादा कोपरा वर उचललेली फळी आत घातली तर रोलर तिला दाबून सपाट धरतात. बाहेर आली की पीळ तसाच, फळी फक्त गुळगुळीत. म्हणून आधी एक बाजू हातरंध्याने सरळ करायची. दोन टोकांना दोन पट्ट्या आडव्या ठेवून एक डोळा मिटायचा. दोन्ही पट्ट्यांच्या कडा एका रेषेत दिसल्या की ती बाजू खाली ठेवून मशीनला द्यायची.

लेकीच्या टेबलासाठी ह्यांनी एकच फळी अकरा वर्षं सुकवत ठेवली होती. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांची गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही. दुसऱ्याच सकाळी फळी माळ्यावरून खाली आली.

चांगली दोन इंच जाड होती. ह्यांनी रंधा मारला, पट्ट्या ठेवल्या, मान डोलावली, मशीनमधून काढली. कामाच्या टेबलावर ठेवली तर डुगडुगली. दोष अर्थातच मशीनला. पुन्हा रंधा, पुन्हा मशीन, पुन्हा तेच. दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, असं मी दहादा बजावलं, पण ऐकतील तर शपथ. दुपारपर्यंत जेमतेम इंचभर फळी उरली. भुसा झाडण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

तिसऱ्यांदा रंधा मारून झाल्यावर ह्यांनी मला हाक मारली. छत्तीस वर्षांच्या संसारात पट्ट्यांना कधी हात लावू दिला नव्हता.

“बघ गं जरा. पीळ गेला का?”

मी एक डोळा मिटला. पलीकडची पट्टी एका बाजूने चांगली वर आली होती. खरं सांगितलं तर हे आणखी रंधा मारणार, तोही चुकीच्याच कोपऱ्यावर, आणि टेबलापुरतीही फळी उरणार नाही.

“गेला,” मी म्हटलं.

ह्यांनी फळी उलटी करून टेबलावर ठेवली आणि सवयीने कोपरा दाबला. टक. सोडला. पुन्हा टक.

हात बराच वेळ तिथेच होता.

“तुलाही दिसेनासं झालं का गं?” ह्यांनी हळूच विचारलं.

मी हो म्हटलं.