त्याच नावाचा दुसरा इसम

ती चौकशी आजही आठवते, आणि आठवते तेव्हा सावळघाटातलं धुकं आधी डोळ्यांपुढे येतं. खरं तर पोलिसाला तारीख, वेळ, ठिकाण आधी आठवायला हवं. पण या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नव्हता, पंचनामा नव्हता, आरोपीही नव्हता. ते तीन-चार दिवस मी अर्धवट झोपेत हिंडत होतो, असंच अजून वाटतं.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. मी नाशिकला जिल्ह्याच्या गोपनीय शाखेत निरीक्षक होतो. काम रुक्ष होतं. सभा-मोर्चांचे अहवाल पाठवायचे, पासपोर्टच्या आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळण्या करायच्या. दिवाळीच्या आसपास एका सकाळी अधीक्षकसाहेबांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर लाखेचं सील फोडलेला लखोटा होता.

"दार लावून घ्या," ते म्हणाले.

उच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून नेमण्यासाठी एका वकिलांचं नाव सुचवलं गेलं होतं. मूळचे आमच्याच जिल्ह्यातले, पेठच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचे. नाशिकच्या कोर्टात सुरुवात केली, मग बारा-तेरा वर्षं मुंबईला उच्च न्यायालयात वकिली. घर मात्र अजून नाशिकलाच. साहेबांनी मला सगळी रीत सांगितली. मुख्य न्यायमूर्ती नाव सुचवतात, ते राज्य सरकारमार्फत दिल्लीला जातं आणि शेवटी राष्ट्रपतींची सही होते. त्या वाटेवर कुठेतरी आमच्यासारख्याचा एक पानी अहवाल लागतो.

"आणीबाणीत न्यायमूर्तींच्या बदल्यांवरून केवढं रान उठलं ते आपण पाहिलंय," साहेब म्हणाले. "आपल्या कागदात एक शब्द कमी नको, एक शब्द जास्त नको."

लखोट्यात अहवालाच्या नमुन्याबरोबर एक निनावी अर्जही होता. मुख्य न्यायमूर्तींच्या नावे टपालाने आलेला आणि पायरी पायरीने उतरत आमच्यापर्यंत पोचलेला. वहीचं आखीव पान, निळी शाई, मोजक्या ओळी. ‘ज्यांना आपण न्यायमूर्ती करणार आहात, ते त्या नावाचे नाहीत. ते नाव ज्याचे आहे तो इसम त्यांच्या गावी जिवंत आहे. भातशेती करतो. खात्री करावी.’

नोकरीत निनावी अर्ज मी पोत्याने वाचले. सूड घेणारा माणूस लांब लिहितो. लाच, दारू, बाई, काहीच सोडत नाही, आणि शेवटी ‘एक देशभक्त नागरिक’ अशी सही ठोकतो. हा अर्ज लवकर थांबला होता. अक्षर घोटीव, रफार जिथल्या तिथे. मला त्या कागदाची थोडी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जीप काढली. अंगावर साधे कपडे, बरोबर फक्त जीप चालवणारा शिपाई. सावळघाटात धुकं इतकं दाट होतं की शिपाई खिडकीतून मान बाहेर काढून रस्ता बघत होता. घाट उतरल्यावर ते एकदम विरलं. उतारांवर खुरासणी फुललेली, पिवळीधमक. खाली कापलेल्या भाताचा वास. मी गावाकडचा नाही, तरी इथे आधी येऊन गेलोय असं सारखं वाटत राहिलं.

शेजारच्या गावातली शाळा आधी गाठली. दाखलखारीज रजिस्टरात नोंद मिळाली. वकीलसाहेबांचं पूर्ण नाव, बापाचं नाव, दाखल होताना वय नऊ. सगळं अहवालाच्या नमुन्याशी जुळत होतं. मग तलाठ्याकडे जाऊन सातबारा पाहिला. पाड्यावरच्या एका तुकड्याला तेच नाव, तोच बाप, तेच आडनाव, आणि पीकपाण्याच्या रकान्यात ‘खुद्द’. मुंबईत वकिली करणारा माणूस इथे खुद्द भात पिकवत होता. एका बापाचे, एका नावाचे दोन इसम. माझ्या पोलिसी डोक्यात एकच शब्द आला, तोतया. उच्च न्यायालयाच्या दारापर्यंत पोचलेला तोतया.

तो दुसरा इसम खळ्यावर भात झोडपत होता. पन्नाशीच्या आतबाहेरचा, काटक, डोक्याला फडकं. मी तालुक्याहून आलोय एवढंच सांगितलं आणि नाव विचारलं. त्याने हातातली पेंढी खाली ठेवली, घाम पुसला आणि नाव सांगितलं. तेच.

"हे नाव तर मुंबईच्या वकीलसाहेबांचं," मी म्हणालो.

"त्याचंच हाय," तो म्हणाला. "माझं बी तेच. बसा."

माणसाला बोलतं करायच्या बऱ्याच रीती आम्ही शिकलेलो असतो. इथे एकीचीही गरज पडली नाही. तो वकीलसाहेबांचा थोरला भाऊ निघाला. त्याच्या बोलण्यात डोंगरातल्या कोकणा आदिवासींची बोली मिसळलेली होती. मला समजलं तसं इथे लिहितो.

"मास्तर पाड्यावर आला तवा बापानं माझं नाव लिवून दिलं. घरटी एक पोरगा पायजे, असं म्हणला मास्तर. मी आठ-पंधरा दिस गेलो. धाकला माझ्या मागं मागं यायचा. मग बाप आजारी पडला. रान कोण बघनार? मी काय गेलो नाय परत. हा मातर रोज जाऊन माझ्या जागी बसायचा. मास्तर माझं नाव घ्यायचा, हा उठून हजर म्हनायचा."

"मास्तरांच्या लक्षात आलं नाही?"

"आलं की. पन तवर तपासनीचा साहेब पटावर सही करून गेलेला. मास्तर म्हनला, आता खाडाखोड केली तर माझी नोकरी जाईल. पोरगा हुशार हाय, शिकू द्या तसाच."

तो तसाच शिकत गेला. तालुक्याची शाळा, नाशिकचं कॉलेज, कायद्याची पदवी, वकिलीची सनद. प्रत्येक कागद आधीच्या कागदावरून तयार झाला आणि पहिला कागद थोरल्याचा होता.

मी तिथेच बसून वयाचा हिशेब केला. धाकटा तीन वर्षांनी लहान. म्हणजे कागदोपत्री तो होता त्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो. या माणसाची तीन वर्षं आपसूक बुडणार होती. फसवणारा माणूस वय घटवतो, वाढवत नाही. तोतया हा शब्द मी मनातून खोडून टाकला.

"तुम्हाला कधी वाईट वाटलं नाही?" मी विचारलं. हा प्रश्न नमुन्यात नव्हता.

"घरात मला दादा म्हनत्यात. गावात थोरला म्हनत्यात. नाव नुसतं पडून होतं. त्याच्या कामाला आलं." त्याने फडक्याने हात पुसले. "एक डाव वाटलं मातर."

तो आत गेला आणि पत्र्याच्या पेटीतून घडी घातलेला कागद घेऊन आला. त्याला वाचता येत नव्हतं, कागद त्याने मला उलटाच दिला. त्याच्या मुलीने नाशिकच्या एका वसतिगृहासाठी केलेला अर्ज होता. ती मॅट्रिक झाली होती, तिला पुढे शिकायचं होतं. अर्जावर लाल शाईत शेरा होता: ‘वडील नामांकित वकील. नामंजूर.’

"कारकून तिला चार लोकांत म्हनला, एवढ्या मोठ्या वकिलाची पोर तू, गरिबाची जागा अडवतीस, बापाला लाज वाटत नाय का? पोर घरी आली, दोन दिस जेवली नाय."

मी शेऱ्याकडे पाहत नव्हतो. शेऱ्याच्या वरचं अक्षर बघत होतो. निळी शाई, घोटीव वळण, रफार जिथल्या तिथे. माझ्या खिशात त्याच अक्षरातला दुसरा कागद होता, आणि समोरचा माणूस तो कुणी लिहिला हे जाणत नव्हता. खळ्यावर ऊन होतं. कुठेतरी कोंबडी ओरडत होती. तपासात धागा जुळला की छाती भरून येते, तसं काहीच झालं नाही. कागदाची घडी होती तशी घातली आणि त्याच्या हातात दिली.

मुलगी बांधापलीकडे भात कापत होती. मी तिच्याजवळ जाऊन खिशातला निनावी अर्ज उघडून धरला.

"हे तू लिहिलंस?"

तिने विळा खाली ठेवला. घाबरली होती, पण खोटं बोलली नाही. "हो."

"काकांवर राग आहे?"

"काका चांगला हाय. दर दिवाळीला येतो. पण साहेब, मी बापाच्या जागी काय लिहू? बापाचं नाव लिहिलं तर काकाची पोर होते. आणि काय लिहू?"

"मग काकांना सांगायचं. मुंबईला पत्र कशाला?"

"बा म्हणला, त्याचं जज व्हायचं मोठं काम चाललंय, मधी बोलू नको. लय वेळा म्हणला." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, तिथं लिहिलं तर कोणीतरी विचारायला येईल."

मी आलो होतो.

परत आल्यावर साहेबांना सगळं तोंडी सांगितलं. त्यांनी बराच वेळ पेन्सिल टेबलावर फिरवली. "उमेदवाराला विचारावं लागेल," ते म्हणाले. "अर्जदार कोण, ते मात्र तुमच्या तोंडून बाहेर पडता कामा नये."

उच्च न्यायालयाला दिवाळीची सुट्टी होती, म्हणून वकीलसाहेब नाशिकच्या घरी होते. दुपारी तीनच्या सुमारास गेलो. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, बाहेर पेरूचं झाड. त्यांनी स्वतः पाणी आणून दिलं. मी अर्जातला मजकूर सांगितला. ते अजिबात दचकले नाहीत. बऱ्याच वर्षांपासून या भेटीची वाट पाहत असल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

"त्या कोर्टाला शंभरावर वर्षं झाली," ते हळू आवाजात बोलू लागले. "आधी तिथे गोरे साहेब बसायचे. मग विलायतेहून आलेले आपले बॅरिस्टर. मग शहरातल्या बड्या घरांतले वकील. जिल्ह्याच्या कोर्टातून कधीतरी एखादा. आमच्या डोंगरातलं कोणीच नाही. मधल्या सुट्टीत मी जुन्या न्यायमूर्तींच्या तसबिरी बघत हिंडायचो. खाली नावाची पट्टी असते. माझी तसबीर तिथे लागली, तर पट्टीवर काय असेल, हा विचार पहिल्या वर्षी आला. तो नंतर गेलाच नाही."

"आधी दुरुस्त का केलं नाहीत?"

"दर वर्षी ठरवायचो. दादा म्हणायचा, राहू दे, नाव घरातच आहे. मला ते ऐकायला बरं वाटायचं." त्यांनी चष्मा काढला. "अर्ज पोरीने लिहिलाय ना?"

मी बोललो नाही. समोर बसून गप्प राहणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली होती. त्या दुपारी त्यांना काय होत असेल ते मला कळलं.

"तिला वसतिगृह मिळालं नाही, एवढंच मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "कारण कुणीच सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही. मी वकील, रोज लोकांना कारण विचारतो." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "इन्स्पेक्टर, जे आहे ते सगळं लिहा. मला वाचवायला एक ओळही लिहू नका."

मी सगळं लिहिलं. फायदा उठवल्याचं दिसून येत नाही, उलट वयाचं नुकसान आहे, हेही लिहिलं. कारण तेही खरंच होतं. अर्जदाराच्या रकान्यात ‘निष्पन्न नाही’ लिहिलं. नोकरीत मी जाणूनबुजून लिहिलेलं खोटं तेवढंच, आणि ते साहेबांनी वाचून, माझ्याकडे बघून, पुढे पाठवलं.

अहवाल दिल्लीला पोचण्याआधीच वकीलसाहेबांनी मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहून आपलं नाव थांबवायची विनंती केली. नावाची दुरुस्ती होईपर्यंत नेमणूक नको, असं त्यांचं म्हणणं होतं. मग एका सकाळी दोघे भाऊ प्रतिज्ञापत्र करायला नाशिकच्या कचेरीत आले. प्रत फायलीला लावायची होती, म्हणून मीही होतो. कारकुनाने थोरल्याला विचारलं, "पूर्ण नाव?"

थोरल्याने भावाकडे पाहिलं. सरकारी माणसासमोर बोलायची परवानगी मागावी तसं.

"सांग, दादा," धाकटा म्हणाला. "तुझंच आहे."

त्याने सावकाश, एकेक शब्द सुटा करून नाव सांगितलं आणि अंगठा उठवला. मग कारकून वकीलसाहेबांकडे वळला. उच्च न्यायालयात तास तास बोलणारा तो माणूस अडखळला. आईने ठेवलेलं नाव त्याने पन्नास माणसांच्या त्या खोलीत कसंबसं उच्चारलं. कारकुनाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज नीट लागला.

राजपत्रात नाव छापून यायला आणि सनद बदलून मिळायला वर्षावर गेलं. तोवर मुख्य न्यायमूर्ती बदलले, यादी बदलली. त्यांचं नाव पुन्हा सुचवलं गेलं नाही. ते शेवटपर्यंत वकीलच राहिले. मुलीला मात्र त्या प्रतिज्ञापत्राच्या आधारावर पुढच्याच जूनमध्ये वसतिगृहात जागा मिळाली. बातमी द्यायला वकीलसाहेब स्वतः माझ्या कचेरीत आले होते.

त्याआधी इसमाची ओळख पटवणं म्हणजे कागदाला कागद जुळवणं, असं मी समजत होतो. नवीन फौजदारांनाही तेच शिकवत होतो. त्यानंतर कुणाचाही जबाब घेताना मी आधी नाव विचारणं सोडलं. आधी विचारायचो, घरी तुम्हाला काय म्हणतात? हाताखालची पोरं एकमेकांकडे बघून हसायची. पण समोरचा माणूस, मग तो खिसेकापू असो नाहीतर खुनाचा संशयित, क्षणभर थांबायचा, खाली बघायचा आणि सांगायचा. पुढच्या शंभर प्रश्नांना त्याने काय वाटेल ती उत्तरं दिली असतील. या एका प्रश्नाला कुणी खोटं सांगितल्याचं मला आठवत नाही.