चाचांची जोडबोट

जगातली प्रत्येक वस्तू पाण्यात टाकली तर तरंगेल की बुडेल, आणि तरंगलीच तर तिच्या शेजारी तशीच दुसरी बांधली तर किती बरं होईल, एवढ्या एकाच विचारावर सत्तरी गाठलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही आमच्या डोक्यावर राहायचा. डोक्यावर म्हणजे अगदी खरोखर. वाशीच्या आमच्या सोसायटीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि चाचा बरोब्बर वरच्या फ्लॅटमध्ये. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. उमेदीची सगळी वर्षं आखातातल्या बोटींच्या कारखान्यांत गेलेली. निवृत्त होऊन परतलेली माणसं आपल्या गुडघ्यांची आणि सोसायटीच्या कमिटीची काळजी करत बसतात. चाचांनी तुर्भ्याला पाण्याच्या फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या एका मित्राच्या शेडचा कोपरा धरला आणि कॅटमरान बांधायला घेतली.

कॅटमरान म्हणजे काय, हे मला आमच्याच जेवणाच्या टेबलावर कळलं. चाचा आले, थेट स्वयंपाकघरात गेले, बायकोने नुकतीच धुतलेली दोन पडवळं उचलून त्यांनी टेबलावर थोडं अंतर सोडून समांतर ठेवली आणि त्यांच्यावर पोळपाट उपडा घातला. "ही दोन होडकी. हा वरचा सपाट डेक. मध्ये मोकळं पाणी. हलव आता." मी हलवला. "कलंडला?" "नाही." "आता एकाच पडवळावर ठेव." तो पोळपाट माझ्या अंगठ्यावर पडला. "समजलं?" विमा कंपनीत वीस वर्षं नोकरी करून मला विमा इतका लख्ख समजलेला नाही. बायको मात्र म्हणाली, "चाचा, बोट झाली असेल तर पडवळं द्या, भाजी टाकायचीय."

पडवळांवर ते थांबले असते तर बरं झालं असतं. त्यांनी थर्माकोलची हातभर लांब प्रतिकृती बनवली आणि ती तपासायला पुरेसं शांत पाणी कुठे आहे याचा शोध घेतला. ते त्यांना आमच्या गच्चीवरच्या टाकीत सापडलं. प्रयोग उत्तम झाला, असं ते सांगतात. खालच्या सोळा घरांच्या नळांतून मात्र दोन दिवस पांढरे गोळे येत होते, आणि तळमजल्यावरच्या आजींना तो साबुदाणा वाटला. सेक्रेटरींनी फळ्यावर नोटीस लावली : 'सोसायटीच्या पिण्याच्या पाण्यात कोणीही नौकानयन करू नये.' चाचांनी ती शांतपणे वाचली, खाली पेनाने 'मान्य' असं लिहिलं आणि सही केली.

आपली बोट कोणत्याही कामाला चालेल, हा त्यांचा हट्ट होता, आणि कामं ठरवायची पद्धत अशी की जो भेटेल त्याचा धंदा ते तिच्यावर चढवत. "डेक सपाट आहे बाबा. सकाळी खाडीतलं प्लास्टिक उचल, दुपारी सामान ने, संध्याकाळी माणसं ने. वरचं सामान बदलायचं, बोट तीच." वाशीच्या मार्केटातला कांदेवाला भेटला, की बोटीत कांदे. माझी दाढी करणारा न्हावी भेटला, तेव्हा बोटीवर सलून. दाताच्या डॉक्टरांपुढे तोंड उघडून पडलेले असताना त्यांनी खाडीकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना काढायचं ठरवलं. डॉक्टरांचा चिमटा तोंडात असल्यामुळे चाचांचं म्हणणं तेवढं अस्पष्ट राहिलं. चाची मला हळूच विचारायच्या, "बाबा, त्या बोटीवर झोपायची जागा आहे का बघ. असेल तर ह्यांना तिथेच ठेवू."

बोटीला डिझेल लागणार नव्हतं. छपरावर सोलरच्या पट्ट्या, खाली बॅटऱ्या, आणि प्रत्येक होडक्याला एक अशा दोन मोटारी. एकदा मी विचारलं, "चाचा, कशासाठी हा सगळा व्याप?" ते फायबर घासत होते. हात न थांबवता म्हणाले, "माझा बाप गलबतावर होता. कौलं, मीठ, आंबे, सगळं पाण्यावरून यायचं. तेव्हा समुद्र हा रस्ता होता. आता लोक तिथे फोटो काढायला जातात." मग घासलेल्या जागेवर फुंकर मारली आणि म्हणाले, "आणि मी तीस वर्षं बोटी बांधल्या, त्या प्रत्येकीनं पाण्यावर तवंग सोडला. एक तरी स्वच्छ बांधू दे."

बोट बांधून होत आली, पण घेणार कोण? तळवलीच्या एका मावशींनी तेवढी तयारी दाखवली. खाडीत चिंबोऱ्या आणि मासळी धरणाऱ्या बायकांचा त्यांचा गट होता. त्यांनी शेडमध्ये येऊन बोटीला एक फेरी मारली, बोटाने ठोकून पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन होड्या बांधून एक केलाव. त्यात नवीन काय हाय?" चाचांचा चेहरा पडला. पण मावशी पुढे म्हणाल्या, "पान्यात दाखवा. आमच्या कामाची असंल तं घेऊ."

झालं. दोन्ही होडकी सुटी करून वेगवेगळ्या टेम्पोंतून तळवलीच्या खाडीकाठी गेली आणि तिथे जोडली. चाचांना बारीक तारा दिसत नसत, म्हणून मोटारींच्या तारा जोडायचं काम माझ्याकडे आलं. "लाल लालला, काळी काळीला. एवढं तर विमावाल्यालाही जमेल," ते म्हणाले. चाचणीच्या दिवशी काठावर मावशी आणि त्यांच्या गटातल्या दहाबारा बायका होत्या. आमचे सेक्रेटरी खास रजा टाकून आले होते. चाचांची बोट बुडताना पाहण्याची संधी त्यांना सोडायची नव्हती. चाचांनी नारळ वाढवला, 'बिस्मिल्ला' म्हटलं, मला लाईफ जॅकेटात कोंबून शेजारी उभं केलं आणि दोन्ही मोटारींचे दांडे पुढे ढकलले.

बोट पुढे गेली नाही. ती गरकन वळली. पुन्हा वळली. तिसऱ्या फेरीला मला काठावरचे सेक्रेटरी हसताना दिसले, चौथ्या फेरीला ते पोट धरून खाली बसलेले दिसले. उजवी मोटार पुढे आणि डावी मागे चालली होती. लाल काळीला गेली होती, आणि ती कोणी घातली हे बोटीवरच्या दोघांनाही माहीत होतं. मी डोळे मिटले. आता तीन वर्षांची मेहनत माझ्या एका तारेपायी गेली, असं वाटलं.

आणि चाचा, एका हाताने टोपी धरून, काठाकडे ओरडले, "बघितलंस मावशी? जागच्या जागी! हातभर जागा नको हिला!"

मावशींनी पदर खोचला आणि पाण्यात गुडघाभर पुढे आल्या. "पन फुडं कवा जानार?"

"आधी वळण तर बघ!"

आणखी दोन फेऱ्या झाल्यावर चाचांनी मोटारी बंद केल्या, मला डोळ्याने खुणावलं, आणि मी पालथा पडून तारा बदलल्या. मग बोट सरळ निघाली. आवाज नाही, धूर नाही. कांदळवनाकडच्या उथळ पाण्यात, जिथे ओहोटीला होड्या गाळात बसतात, तिथूनही ती गाळाला न टेकता परत आली. मावशी बायकांशी काहीतरी बोलल्या आणि मग चाचांना म्हणाल्या, "आमच्या चरीत, त्या अरुंद पान्यात, होडी वळत नाय, चाचा. उलटी ढकलीत आनतो, कंबरडं मोडतं. ही वळंल. आमाला हीच पायजेल."

परतताना रिक्षात चाचा माझ्या कानाशी वाकले. "तारा तू उलट्या जोडल्यास ना?"

"हो, चाचा. चुकलो."

"एक दांडा पुढे, एक मागे, की ती जागीच वळते; मी ते वळण दाखवायचं विसरणार होतो. घाबरलो होतो रे."

बोट कामाला लागली. बायका तिच्यातून मासळी आणतात, कांदळवनाच्या मुळांत अडकलेलं प्लास्टिक काढतात; थंडीत लोकांना फ्लेमिंगो दाखवायला नेतात, आणि मोटारीचा आवाज नसल्यामुळे पक्षी जागचे उठत नाहीत. दुसरी बोट बांधायचं ठरत होतं. तेवढ्यात चाचांच्या हृदयाने कुरकुर केली, आणि मुलगा येऊन दोघांना दुबईला घेऊन गेला. वरचा फ्लॅट बंद आहे. आता दुपारी चाचा दार वाजवत नाहीत, आम्हाला झोप लागते, आणि ती कोणालाच आवडत नाही.

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. म्हणाले, "एकदा बोट दाखव ना बाबा." मी तळवलीला गेलो आणि व्हिडिओ कॉल लावला. मावशी बोटीतूनच ओरडल्या, "चाचा, बरी हाय तुमची पोर!" पडद्यावर फक्त त्यांचं कपाळ आणि एक डोळा दिसत होता. बोट चरीच्या तोंडाशी गेली, वळली आणि कांदळवनाआड दिसेनाशी झाली. फोनकडे पाहिलं तर नेटवर्क केव्हाच गेलं होतं. किती पाहिलं असेल त्यांनी, कोण जाणे. तरीही मी तो फोन आणखी थोडा वेळ पाण्याच्या दिशेने तसाच धरून उभा राहिलो.